बांगडी, तांबेरा, करपा : खेड-चाकणच्या बटाट्याची रोगकथा

१/
चाकण म्हटले की इतिहासप्रेमींना संग्रामदुर्ग आठवतो; १६६० सालचा शाहिस्तेखानाचा वेढा आणि फिरंगोजी नरसाळ्यांची झुंज आठवते. इतरांना मोटारींचे कारखाने आठवतात. या दोन ओळखींच्या मध्ये चाकणची तिसरी ओळख दडलेली आहे : कांदा-बटाट्याची बाजारपेठ. खेड बाजार समितीच्या चाकण येथील महात्मा फुले मार्केट यार्डात आजही बटाट्याचे लिलाव होतात. हा धागा त्या बटाट्याच्या रोगांचा आहे.

२/
या पट्ट्यातील शेतकऱ्याने बटाट्याच्या रोगांना जी नावे दिली, त्यांतील तीन फार बोलकी आहेत : बांगडी, तांबेरा आणि करपा. तिन्ही नावे डोळ्यांना जे दिसले त्यावरून पडली. शास्त्राने पुढे कारणे शोधली, तेव्हा एका नावामागे जिवाणू निघाला, दुसऱ्यामागे कोळी निघाला, आणि तिसऱ्यामागे दोन निरनिराळे जीव निघाले. त्या दोघांपैकी एकाला दीर्घकाळ बुरशी मानले गेले. तो बुरशीच नाही. हा केवळ नामकरणाचा घोळ नव्हे. रोग कोणत्या वाटेने येतो हे कळल्याशिवाय त्याची वाट अडवता येत नाही.

३/
प्रथम पीक. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला. उत्तर हिंदुस्थानात त्यालाच आलू म्हणतात. मूळची अँडीज पर्वतातील ही वनस्पती महाराष्ट्रात इतकी मुरली की उपवासाच्या फराळातही तिला मानाचे पान मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, खेड-जुन्नरकडे, बटाटा चांगला रुजला होता. १८५८ साली पुणे-खंडाळा लोहमार्ग सुरू झाला आणि चिंचवड-तळेगावच्या पट्ट्यातला माल मुंबईच्या वाटेवर आला.

४/
बटाट्याच्या रोगांचे मर्म त्याच्या लागवडीत आहे. ज्वारी-बाजरीचे बी पेरले जाते. बटाट्याचा कंदच जमिनीत लावला जातो. या कंदाला बेणे म्हणतात. बेणे म्हणजे मातृवनस्पतीचा जिवंत तुकडा. आईच्या अंगात जे काही असेल, ते लेकराबरोबर नव्या शेतात येते. त्यामुळे बटाट्याच्या रोगांचा इतिहास बऱ्याच अंशी बेण्याच्या प्रवासाचा इतिहास ठरतो.

५/
दख्खनमध्ये हा प्रश्न अधिक बिकट होता. रब्बीचा बटाटा उन्हाळ्याच्या तोंडावर निघतो आणि खरिपाची लागवड जून-जुलैत होते. शीतगृहे नव्हती त्या काळात मधले तीन-चार महिने कंद टिकवायचा कसा? चैत्र-वैशाखाच्या उष्म्यात ढीगच्या ढीग सडत. साहजिकच बेणे बाहेरून आणावे लागे. मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या आरंभी हे बेणे थेट इटलीहून, बोटीने येत असे. खेडच्या वावरात लावलेला बटाटा भूमध्य समुद्राकाठून आलेला असे, ही आज नवलाची वाटणारी गोष्ट तेव्हा नित्याची होती.

६/
आता पहिले नाव : बांगडी. १८९२ साली कॅपेल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यातील बटाट्याच्या एका रोगावर टिपण लिहिले. भारतातील या रोगाची ती पहिली नोंद मानली जाते. रोगट कंद आडवा कापला की सालीच्या आत तपकिरी वर्तुळ दिसते, अगदी मनगटातल्या बांगडीसारखे. शेतात मात्र आधी दिसते ती मर : हिरवेगार झाड पिवळे न पडताच माना टाकते.

७/
कॅपेल यांनी टिपण लिहिले तेव्हा या रोगाचे खरे कारण जगात कोणालाच ठाऊक नव्हते. चार वर्षांनी, १८९६ साली, अमेरिकेत एर्विन स्मिथ यांनी त्याला कारणीभूत असलेल्या जिवाणूचे वर्णन केले. आज त्याला राल्स्टोनिया सोलानसिअरम म्हणतात. हा जिवाणू मुळांवाटे आत शिरतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढून त्या तुंबवतो. पायाशी ओल असूनही झाड तहानेने मरते. रोगट खोड कापून स्वच्छ पाण्यात धरले, तर कापलेल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरताना दिसतो.

८/
बांगडीची वाट कोणती? बेणे, माती, पाणी आणि विळा. मोठा कंद लावणीपूर्वी कापून त्याचे तुकडे करण्याची पद्धत जुनी आहे. त्यात एक कंद रोगट असेल, तर त्याचा रस पात्याला लागतो आणि तेच पाते पुढच्या निरोगी कंदात उतरते. बेणे वाचवण्यासाठी केलेली काटकसरच रोगाची वाहक ठरते. शिवाय जिवाणू मातीत टिकून राहतो. म्हणून येथे पानांवरची फवारणी फारशी उपयोगी नाही. निरोगी आणि अखंड बेणे, स्वच्छ हत्यार आणि तृणधान्यांचा फेरपालट हाच मार्ग.

९/
इटलीच्या बेण्याने आणखी एक पाहुणा आणला. १९०६ च्या सुमारास मुंबई इलाख्यात बटाट्यावर एक लहानसा करडा पतंग आढळला. मराठीत त्याला बटाट्यावरील पाकोळी म्हणतात. इटलीहून आलेल्या बेण्याबरोबरच तो भारतात शिरला, असे मानले जाते. त्याची अळी पाने पोखरते. पण खरा घात साठवणीत होतो. उघड्या पडलेल्या कंदांच्या डोळ्यांपाशी अंडी घातली जातात आणि अळी कंदात बोगदे करते. वरून साबूत दिसणारा ढीग आतून पोकळ होतो.

१०/
येथे हॅरॉल्ड मॅन यांचा प्रवेश होतो. आसामच्या चहाच्या मळ्यांवर संशोधन केलेला हा रसायनशास्त्रज्ञ १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला आणि पुढे मुंबई इलाख्याचा कृषी संचालक. त्यांचे १९१७ चे पुस्तक एका दख्खनी खेड्याच्या जमिनीचा आणि श्रमाचा हिशेब मांडते. ते खेडे म्हणजे पिंपळे सौदागर. आज पिंपरी-चिंचवडच्या टोलेजंग इमारतींत हरवलेल्या या गावात मॅन आणि त्यांचे सहकारी घरोघर फिरून जमिनीचे तुकडे, कर्ज आणि उत्पन्न मोजत होते.

११/
याच मॅन यांनी एस. डी. नागपूरकर आणि जी. एस. कुलकर्णी या सहकाऱ्यांसह दुसऱ्या नावाचा छडा लावला. पुण्याकडच्या बटाट्यावर पाने तांबूस होऊन वाळण्याचा एक रोग पडे. लोक त्याला तांबेरा म्हणत. १९२० साली या तिघांनी त्यावर लेख प्रसिद्ध केला. दोषी बुरशी नव्हती, जिवाणूही नव्हता. पानाच्या खालच्या बाजूस रस शोषणारा, नुसत्या डोळ्यांना जवळपास न दिसणारा कोळी हे सारे करत होता.

१२/
हा शोध लहान वाटतो. त्याचा अर्थ मोठा आहे. मराठी शेतकऱ्याला तांबेरा हा शब्द मुख्यत्वे गव्हामुळे परिचित आहे. गव्हाचा तांबेरा ही खरोखर बुरशी. तिची तांबडी भुकटी बोटाला लागते आणि बीजाणू वाऱ्याने दूरवर जातात. बटाट्याला तेच नाव मिळाले ते केवळ रंगावरून. एकाच गावात, एकाच शब्दाने, दोन पिकांवरच्या दोन अगदी भिन्न संकटांना हाक मारली जात होती. पान उलटून भिंगाखाली धरल्याशिवाय हा फरक कळणे शक्य नव्हते.

१३/
तिसरे नाव करपा. पान करपल्यासारखे, भाजल्यासारखे दिसते म्हणून करपा. शास्त्र यात दोन रोग पाहते. लवकर येणारा करपा अल्टरनेरिया सोलानी या बुरशीमुळे होतो. त्याचे डाग आधी खालच्या, जुन्या पानांवर येतात आणि प्रत्येक डागात एकात एक वर्तुळे असतात, नेमबाजीच्या फळीवर असतात तशी. उष्ण हवा आणि अधूनमधून मिळणारी ओल त्याला मानवते. त्याची चाल संथ असते. तो पीक रोडावतो, पण एका आठवड्यात शेत संपवत नाही.

१४/
उशिरा येणारा करपा मात्र शेत संपवतो. त्याला कारणीभूत असलेल्या जीवाचे नाव फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स, म्हणजे वनस्पतींचा संहारक. १८४५ च्या उन्हाळ्यात तो बेल्जियमकडून युरोपभर पसरला आणि सप्टेंबरपर्यंत आयर्लंडला पोहोचला. तेथील गरिबांचे अवघे अन्न या एका पिकावर उभे होते. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि तापाने मेली, तितक्याहून अधिक देश सोडून गेली. दुष्काळाला एकटा रोग जबाबदार नव्हता. जमीनदारी आणि राज्यकर्त्यांची धोरणेही तितकीच होती. पण पहिला घाव पानावर पडला.

१५/
त्या काळी विद्वानांत वाद पेटला. पानावर दिसणारी पांढरी बुरशी हे कारण की सडण्याचा परिणाम? बहुतेकांनी दोष अतिवृष्टीला दिला. १८४६ साली माइल्स बर्कली या इंग्रज धर्मोपदेशकाने बुरशी हेच कारण असल्याचे ठामपणे मांडले. फारसे कोणी मानले नाही. १८६१ मध्ये जर्मनीच्या अँटोन डी बारी यांनी निरोगी झाडांवर बीजाणू सोडून रोग निर्माण करून दाखवला आणि वाद मिटवला. रोग हा आजारी वनस्पतीतून आपोआप उपजत नाही, तो बाहेरून येतो, हा विचार त्यातून दृढ झाला.

१६/
भारतात हा रोग १८७० ते १८८० च्या दरम्यान नीलगिरीत दिसला आणि १८८३ साली दार्जिलिंगमध्ये. थंड, ओले डोंगर त्याला युरोपासारखेच भासले असावेत. मैदानात तो टिकणार नाही, असे वाटण्यास जागा होती. परंतु विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंगालच्या हुगळी जिल्ह्यात तो उतरला. तेथे दार्जिलिंगचे बेणे लावले जात असे. पुन्हा तीच गोष्ट : डोंगरातला रोग कंदाच्या पोटात बसून खाली आला.

१७/
एकदा शेतात आला की तो कसा पसरतो? आरंभ एखाद्या रोगट कंदातून उगवलेल्या एकट्या झाडापासून होऊ शकतो. पानावर आधी ओलसर, फिकट हिरवा डाग पडतो; तो तपकिरी-काळा होतो. दमट सकाळी पान उलटले की डागाच्या कडेने पांढरी लव दिसते. त्या लवेवर लिंबाच्या आकाराच्या असंख्य बीजाणुधानी असतात. वारा त्यांना शेजारच्या सरीत नेतो, आणि आभाळ असेल तर शेजारच्या शिवारातही. कोरड्या उन्हात त्या लवकर मरतात.

१८/
पुढचा खेळ पाण्याचा. बीजाणुधानी ओल्या पानावर पडली आणि तापमान १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असले, की ती फुटून आतून पोहणारे सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्यांसारख्या कशाभिका असतात. पानावरील पाण्याच्या पातळ थरात ते पोहतात, स्थिरावतात आणि आत शिरतात. हवा अधिक उबदार असेल, तर बीजाणुधानी थेट कोंब काढते. अनुकूल हवेत तीन ते पाच दिवसांत नवी लव, नव्या बीजाणुधानी. एका डागाचे शंभर, शंभराचे दहा हजार. शेतकरी ‘रातोरात शेत बसले’ म्हणतो, तेव्हा त्याआधीचे दोन आठवडे नजरेआड हेच चाललेले असते.

१९/
पावसाचे थेंब याच बीजाणूंना पानांवरून मातीत धुऊन नेतात. वरंब्यात उथळ असलेले कंद त्यांच्या तावडीत सापडतात. म्हणून बटाट्याला मातीची चांगली भर देणे हे केवळ कंद हिरवे पडू नयेत म्हणून नसते. ती भर रोगाविरुद्धची भिंतही असते. काढणीपूर्वी पाला कापून दूर करतात, त्यामागेही हाच हेतू असतो. आता खेडच्या उत्तरेला, आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठाराकडे पाहावे. पेठ, कुरवंडी, भावडी ही गावे खरिपाच्या बटाट्यासाठी प्रसिद्ध. श्रावणातली रिमझिम, दिवसभर न फिटणारे धुके, सतत ओली पाने. पिकाला जी हवा मानवते, तीच करप्यालाही मानवते.

२०/
या कथेत पिंपरीचे स्थान वेगळेच आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते एम. जे. तिरुमलाचार. ते मुळात बुरशीशास्त्रज्ञ आणि त्यांनी बटाट्याच्या रोगांवरही काम केले होते. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांच्या चमूने बुरशीनाशक प्रतिजैविके शोधली : हॅमायसिन आणि, १९६४ साली, ऑरिओफंजिन. ज्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन मिळाले, त्याला स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असे नाव देण्यात आले. एका औद्योगिक वसाहतीचे नाव सूक्ष्मजीवशास्त्रात कायमचे कोरले गेले.

२१/
ऑरिओफंजिन पिकांच्या बुरशीजन्य रोगांसाठी वापरात आले. मात्र या कुळातील औषधे, ज्यांना पॉलिईन म्हणतात, बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉल या द्रव्याला चिकटून ते पटल फोडतात. फायटोफ्थोरा हे द्रव्य तयारच करत नाही. त्याची पेशीभित्तिका बुरशीप्रमाणे कायटिनची नसून मुख्यत्वे सेल्युलोजसारख्या द्रव्यांची असते. त्याचे जवळचे नातलग म्हणजे समुद्रातले तपकिरी शैवाल. प्रयोगशाळेत फायटोफ्थोरा वेगळा काढायचा असेल, तर वाढीच्या माध्यमात मुद्दाम पॉलिईन घालतात : खऱ्या बुरशी मरतात, हा तगतो. डी बारींना सूक्ष्मदर्शकाखाली जी बुरशी दिसली, तिचे हे वेगळे कुळ जनुकीय अभ्यासाने निर्विवाद ठरले.

२२/
मग उपाय कोणता? १८८५ साली फ्रान्सच्या मिलार्दे यांनी द्राक्षावरील केवड्यासाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण प्रसिद्ध केले. केवडाही फायटोफ्थोराच्याच कुळातला. तांब्यापुढे दोघे नमतात, पण रोग येण्याआधी पान झाकले गेले असेल तरच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मेटालॅक्झिल आले, पानाच्या आत शिरून काम करणारे. १९८० सालीच आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये त्याला न जुमानणारे वाण आढळले. एकाच औषधावर विसंबण्याची किंमत रोगाने दोन-तीन वर्षांत वसूल केली.

२३/
दुसरी वाट बेण्याची. १९४९ साली पाटण्यात केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सुरू झाली. १९५६ मध्ये ती सिमल्याला हलली. राजगुरुनगर, म्हणजे जुने खेड, येथेही तिचे केंद्र होते. १९५९ मध्ये पुष्करनाथ यांनी, मावा कीड कमी असते त्या काळात उत्तरेच्या मैदानात निरोगी बेणे तयार करण्याची पद्धत मांडली, आणि भारताचे परदेशी बेण्यावरील अवलंबन सुटले. १९६८ साली आलेल्या कुफरी ज्योती या वाणात उशिरा येणाऱ्या करप्याला प्रतिकार होता. काळाच्या ओघात रोगाने तोही बराचसा बोथट केला. आज मंचरच्या बाजारात बेणे येते ते पंजाबातून. इटलीच्या बोटीची जागा जालंधरच्या ट्रकने घेतली.

२४/
कॅपेल यांच्या टिपणाला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. पिंपळे सौदागरची शेते गेली, चाकणच्या माळावर कारखाने उभे राहिले, बटाट्याचे वावर उत्तरेकडे सरकत पठारावर टिकून राहिले. तेथे आजही श्रावणात पान करपते आणि शेतकरी डाग पाहून दुकानात जातो. त्या डागात वर्तुळे आहेत का, पानाखाली पांढरी लव आहे का, पान नुसते तांबूस आहे का, की हिरवे झाडच मान टाकून बसले आहे : या चार प्रश्नांची उत्तरे चार निरनिराळ्या शत्रूंकडे बोट दाखवतात. चुकीच्या बाटलीवर गेलेला पैसा परत येत नाही, आणि करप्याच्या बाबतीत गेलेले तीन दिवसही. नागपूरकर आणि कुलकर्णी यांनी शंभर वर्षांपूर्वी जे केले, तेच आजही पहिले पाऊल आहे : पान उलटून पाहणे.